धुतलेली गाडी आणि चालकाचा मान

(रस्ता सुरक्षा महिन्याच्या निमित्ताने मालवाहतूकदार व चालक यांच्या मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचा हा संपादित पाठ.)



मी कला शाखेचा पदवीधर. आयुष्य लेखणीवर गेले. मालट्रकचे चाक मी कधी हाती धरलेले नाही, आणि इंजिनाविषयी मला जे ठाऊक आहे ते तुमच्यासारख्यांना विचारून ठाऊक झालेले आहे. त्यामुळे संयोजकांनी ‘गाड्यांची स्वच्छता’ हा विषय सुचवला, तेव्हा प्रथम मी नकारच दिला. नंतर दोन गोष्टी आठवल्या आणि वाटले, या विषयावर आपल्यालाही काही सांगण्यासारखे आहे.

पहिली आठवण माझ्या मामांची. ते नाशिक जिल्ह्यात ट्रक चालवीत. लासलगावचा कांदा भरायचा, कसारा घाट उतरायचा आणि पहाटे वाशीच्या बाजारात पोचायचे, हा त्यांचा क्रम. सुटीत आजोळी गेलो की मला दिसे ते असे : मामा निघण्यापूर्वी बादलीभर पाणी आणि गोणपाटाचा तुकडा घेऊन गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घालीत. काच, आरसे, पुढचे दिवे, मागचे दिवे, नंबराची पाटी. प्रत्येक चाकाशी बसून नटांवरून हात फिरवीत. एकदा मी विचारले, ‘‘मामा, गाडी तर पुन्हा मळणारच, मग पुसता कशाला?’’ ते म्हणाले, ‘‘अरे, पुसायच्या निमित्ताने तिच्याकडे बघणं होतं.’’ त्या वयात मला त्याचा अर्थ कळला नाही.

पंचनाम्यातील एक ओळ

तो कळला दुसऱ्या प्रसंगात. पत्रकारितेतील माझी ती पहिलीच वर्षे होती. ऐन पावसाळ्यात, रात्री अकराच्या सुमारास एका राज्यमार्गावर अपघात झाल्याची बातमी आली. टायर फुटल्याने एक मालट्रक रस्त्याच्या कडेला, अर्धा डांबरावर आणि अर्धा मातीत, असा उभा होता. मागून आलेली जीप थेट त्याच्या फाळक्यावर आदळली. जीपमधील तिघे जागीच गेले. लग्नघरून परतणारी एकाच कुटुंबातील माणसे होती ती.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात पंचनामा वाचला. त्यात एक ओळ होती, ‘वाहनाचे मागील दिवे व परावर्तक चिखलाने माखलेले आढळले.’ ट्रकचे दिवे चालू होते. परावर्तक बसविलेले होते. कागदोपत्री गाडीत कोणतीही त्रुटी नव्हती. मध्ये होता तो बोटभर जाडीचा चिखल. ओल्या फडक्याने जो दोन मिनिटांत निघाला असता, त्या चिखलाने तीन माणसे नेली. मी मालकांना भेटलो, तेव्हा ते म्हणाले, ‘‘पावसाळ्यात चिखल लागतोच हो.’’ चालकाला भेटलो. तो पोलीस ठाण्याच्या बाकावर गुडघ्यांत मान घालून बसला होता. तो म्हणाला, ‘‘साहेब, तीन दिवस गाडीतून उतरलोच नव्हतो.’’

मित्रहो, ही दोन वाक्ये मी आजवर विसरलेलो नाही. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो. या सर्वांचे कारण चिखल होता असे मी म्हणत नाही. परंतु चिखलासारखी, अंगवळणी पडल्यामुळे दिसेनाशी झालेली किती कारणे या संख्येत दडलेली असतील, याचा विचार आपण करावयास हवा.

धुणे म्हणजे पाहणे

स्वच्छता म्हटले की आपल्याला शोभा आठवते. दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडूच्या माळा घालतो, नारळ फोडतो. ही आपली फार सुंदर परंपरा आहे. ज्या साधनावर आपले पोट चालते ते निर्जीव नाही, त्यालाही मान द्यावा, ही भावना खंडेनवमीच्या पूजेमागे आहे. परंतु शस्त्रपूजेचा एक व्यावहारिक अर्थही होता. शस्त्र घासून-पुसून ठेवताना त्याला गंज चढला आहे का, मूठ ढिली झाली आहे का, हे आपोआप तपासले जाई. पूजा हीच पाहणी होती. जपानी कारखान्यांतील ‘फाइव्ह एस’ ही पद्धत चाकणसारख्या औद्योगिक पट्ट्यांमुळे आता आपल्याकडेही परिचयाची झाली आहे. त्यातील ‘सेइसो’ म्हणजे साफसफाई या पायरीचा अर्थ तिथे असाच लावतात : साफ करणे म्हणजे तपासणे. माझ्या मामांनी यापैकी काही वाचलेले नव्हते.

मळलेल्या गाडीत काय दडते, ते अनुभवी चालकांकडून मी समजून घेतले. चाकाच्या नटाभोवती तांबूस गंजाची रेघ उतरलेली दिसली, तर तो नट ढिला असण्याची शक्यता असते. चाक चिखलाने भरलेले असेल तर ती रेघ दिसणार कशी? टायरच्या आतल्या बाजूला तेलकट ओल असेल तर हबचे सील गळत असावे, आणि तेच तेल लायनरवर गेले की घाटात ब्रेक दगा देतो. पाट्याला गेलेली चीर मातीच्या थराखाली दिसत नाही. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि किडे भरले की इंजिन तापते. इंजिन तेलकट, धुळीने लडबडलेले असेल तर नवी गळती कोणती आणि जुना डाग कोणता हे मेकॅनिकलाही कळत नाही. हवेच्या टाकीत साचलेले पाणी नियमाने काढले नाही तर ते ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते. ही टाकी बाहेरून चमकवून उपयोग नाही, ती आतून कोरडी हवी.

पुढच्या काचेविषयी एक गोष्ट मला नवीन कळली. काच बाहेरून सगळेच पुसतात. आतून मात्र धूळ, धूर आणि श्वासाची वाफ यांचा एक पातळ थर चढलेला असतो. दिवसा तो जाणवत नाही. रात्री समोरच्या गाडीचा झोत त्यावर पडला की सारी काच पांढरी होते आणि क्षणभर रस्ता नाहीसा होतो. आणि केबिनमधील पसारा? पायाशी घरंगळणारी पाण्याची रिकामी बाटली ब्रेकच्या पायटीखाली अडकली, तर त्या चालकाच्या कौशल्याचा काय उपयोग?

धुण्यालाही शास्त्र आहे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी मारू नये. जोराच्या फवाऱ्याचे तोंड वायरिंग, अल्टरनेटर, सेन्सर यांच्यावर धरू नये. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत अशा नाजूक जोडण्या पुष्कळ आहेत. या गाड्यांत युरियाचे द्रावण भरताना टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ आधी पुसली नाही, तर ती आत जाते आणि मोठा खर्च उभा राहतो. म्हणजे नवी गाडी आली म्हणून फडके सुटले, असे नाही. उलट फडक्याचे काम वाढले.

हौद्यातील अदृश्य माल

गाडीच्या हौद्याविषयी मात्र मला थोडे थांबून बोलायचे आहे, कारण त्याचा संबंध आपल्याला कधीही न भेटणाऱ्या माणसांशी आहे. १९५८ साली केरळात पॅराथिऑन या कीटकनाशकाने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पीठ आणि विष एकाच जहाजातून आले होते. त्या दुर्घटनेनंतर देशात कीटकनाशकांसंबंधी स्वतंत्र कायद्याची हालचाल सुरू झाली आणि १९६८ चा कायदा झाला. कीटकनाशकांचा खाद्यपदार्थांशी वा पशुखाद्याशी थेट संपर्क येईल अशा रीतीने त्यांची वाहतूक करू नये, असा नियमही आला.

ती घटना जहाजातील होती, पण तिचा धडा ट्रकच्या हौद्याला जसाच्या तसा लागू आहे. काल औषधांचे डबे नेले, एखादा गळला, आज त्याच फळ्यांवर गव्हाची पोती रचली. फळ्यांच्या फटींत काय उरले आहे हे हमालाला ठाऊक नसते, व्यापाऱ्याला ठाऊक नसते आणि ज्या घरात त्या गव्हाची पोळी होते त्या माउलीला तर मुळीच ठाऊक नसते. ठाऊक असते ते एकट्या चालकाला. हौदा झाडून, धुऊन, वाळवूनच धान्य भरू देणारा चालक शेकडो घरांच्या चुलीची राखण करीत असतो. त्याचे नाव कोठे छापून येत नाही, ही आम्हा पत्रकारांची उणीव आहे.

क्लीनर कोठे गेला?

मग चालक हे करीत का नाहीत? मालकवर्गाचे उत्तर ठरलेले असते, ‘‘हल्लीच्या ड्रायव्हरांना गाडीविषयी प्रेमच नाही.’’ मला हे पटत नाही. ज्याला प्रेम नाही तो गाडीवर ‘आईचा आशीर्वाद’ लिहून घेत नाही. आरशाला गोंडे बांधत नाही. प्रेम आहे. ते टिकण्यासारखी व्यवस्था आपण ठेवली आहे का, हा प्रश्न आहे.

ज्याला आपण ‘क्लीनर’ म्हणतो, त्या शब्दातच त्याचे काम सांगितलेले आहे. गाडी साफ ठेवणारा, मागे उभा राहून इशारा देणारा आणि पाहता पाहता चालक होणारा तो मुलगा आज कित्येक गाड्यांवरून नाहीसा झाला आहे. खर्च वाचला, पण त्याचे काम नाहीसे झाले नाही, ते चालकाच्या अंगावर पडले. दुसरीकडे थांबण्याची ठिकाणेही कमी झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके इतिहासजमा झाले. २०२१ च्या फेब्रुवारीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. देशाच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे. परंतु नाक्याच्या रांगेत सक्तीने मिळणारा जो वेळ होता, त्यात कोणी काच पुशी, कोणी दोर आवळी, तोही गेला. त्या वेळेची जागा आपण दुसऱ्या कशाने भरून काढली का? आपण खेपा वाढविल्या.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा समंजस होता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने गाडी चालविण्याबरोबरच गाडीची निगा आणि दुरुस्ती यांत गेलेला वेळही कामाच्या तासांत धरला होता. रात्रीच्या मुक्कामी विश्रांतीची खोली आणि गणवेश धुण्यासाठी भत्ता यांचीही तरतूद त्यात होती. आता तो कायदा व्यावसायिक सुरक्षेच्या २०२० च्या संहितेत सामावला गेला असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कायदे बदलतील. मात्र गाडी पुसणे हे काम आहे, ते चालकाच्या झोपेतून चोरून करायचे नाही, हे त्यातील तत्त्व साठ वर्षांपूर्वीच मान्य झालेले आहे.

एका मालकाची गोष्ट

माझ्या परिचयाचे एक लहान वाहतूकदार आहेत. आठ-दहा गाड्या. नाव सांगितलेले त्यांना आवडणार नाही. गाड्या स्वच्छ राहाव्यात म्हणून त्यांनी प्रथम दंड लावला. परिणाम असा झाला की चालक अड्ड्यावर येण्यापूर्वी पंपावर थांबून फक्त केबिनचा दर्शनी भाग धुवून आणू लागले. मागचा फाळका होता तसाच. दंडाने तोंड धुतले जाते, पाठ नाही!

एके दिवशी त्यांच्या सर्वांत जुन्या चालकाने विचारले, ‘‘शेठ, गाडी धुवा म्हणता, पाणी कुठे आहे?’’ शेठना उत्तर देता येईना. अड्ड्यावर नळ नव्हता. घरी त्यांनी हा विषय काढला, तेव्हा त्यांच्या पत्नीने आणखी अवघड प्रश्न केला, ‘‘गाडी धुवायला पाणी नाही, मग ही माणसं अंघोळ कुठं करतात?’’

त्या प्रश्नाने त्यांचा क्रमच बदलला. त्यांनी आधी दोन स्नानगृहे आणि एक शौचालय बांधले. मग पाण्याची टाकी, उताराचा पक्का ओटा आणि एक लांब नळी. प्रत्येक गाडीला एक पेटी दिली : बादली, कुंचा, फडकी, काचेसाठी वेगळे फडके. दुसरे, प्रत्येक चालकाला गाडी ठरवून दिली. रोज वेगळी गाडी हाती येत असेल तर कालची घाण दुसऱ्याची आणि आजची पुढच्याची, असाच हिशेब होतो. तिसरे, खेपेच्या वेळापत्रकात अर्धा तास धुण्या-तपासण्यासाठी धरला आणि त्याचा मोबदला दिला. चौथे, एक वही ठेवली. धुताना जे दिसेल ते चालकाने लिहायचे आणि ठरलेल्या दिवसांत दुरुस्त करून मेकॅनिकने त्यावर सही करायची.

ही वहीच खरी किल्ली ठरली, असे ते सांगतात. पूर्वी चालक सांगत, मालक ऐकत आणि पुढे काही होत नसे. तीनदा सांगून उपयोग झाला नाही की माणूस बघणेच सोडतो. आपण सांगितलेले दुरुस्त होते असे दिसल्यावर बघणारे डोळे परत आले.

सारेच काही साधले नाही. त्यांनी दरमहा ‘सर्वांत स्वच्छ गाडी’ असे बक्षीस ठेवले, तर वाद सुरू झाले. कापडाच्या गाठी नेणारा आणि कोळसा नेणारा यांची बरोबरी कशी करायची? कोळशाच्या गाडीवरचा चालक म्हणाला, ‘‘मी दोनदा धुतो तरी हरतोच.’’ त्याचे बरोबर होते. तेव्हा रीत बदलली. प्रत्येक गाडीची तुलना तिच्याच मागच्या महिन्याशी, आणि परीक्षक मालक नव्हे, तर तीन चालक, आळीपाळीने. बक्षिसाची रक्कम लहानच ठेवली, पण ती चालकाच्या घरी जाऊन, मुलाबाळांदेखत दिली जाते.

मी त्यांना विचारले, ‘‘यातून फायदा किती झाला?’’ ते म्हणाले, ‘‘हिशेब मांडलेला नाही. एवढंच सांगतो, एका गाडीच्या पाट्याला चीर गेलेली आमच्या कोळशावाल्या चालकाला धुताना दिसली. ती गाडी दुसऱ्या दिवशी खंबाटकी घाटात जाणार होती.’’ याहून अधिक हिशेब मीही मागितला नाही.

आधी झाडू, मग कीर्तन

महाराष्ट्रात स्वच्छतेची गोष्ट गाडगेबाबांचे स्मरण केल्यावाचून पुरी होत नाही. बाबा गावात येत ते हातात झाडू घेऊनच. दिवसा गाव झाडीत आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने. आधी स्वतःचा हात मातीत, मग उपदेश. म्हणूनच त्यांचा शब्द लोकांनी मानला. त्यांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपणहून हातात झाडू घेतले, ते आपले गाव म्हणून. परंतु बाबांच्या कार्याचा दुसरा भाग आपण विसरतो. त्यांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. वाटसरूला पाठ टेकायला जागा आणि अंगावर घ्यायला पाणी असावे, म्हणून. स्वच्छतेचा उपदेश आणि विसाव्याची सोय या दोन गोष्टी त्यांच्या लेखी वेगळ्या नव्हत्या.

वाहतूकदार बंधूंनो, चालक हा आजचा वाटसरू आहे. नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व जड मालवाहू गाड्यांच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे झाले, हे स्वागतार्ह आहे. पण केबिनमधून उतरल्यावर त्याला काय मिळते? ज्याला स्वतःला अंघोळीची जागा नाही, त्याला गाडीला अंघोळ घालायला सांगण्याचा नैतिक अधिकार आपल्याला पोचत नाही. आधी ते करा. आणि वर्षातून काही वेळा तरी स्वतः बाह्या सारून गाडीच्या चाकाशी बसा. मालकाच्या हाताला चिखल लागलेला चालकाने पाहिला, की दहा सूचनांचे काम होते.

आणि चालक मित्रहो, तुमच्याकडेही एक मागणे आहे. सोय होईल तेव्हा होईल, ती मिळविण्यासाठी एकत्र येऊन बोला, पण फडके त्यासाठी थांबवू नका. सारी गाडी रोज धुणे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. निघण्यापूर्वी आणि प्रत्येक मोठ्या थांब्यावर पाच गोष्टी तेवढ्या पुसा : काच, आतून आणि बाहेरून. आरसे. पुढचे दिवे. मागचे दिवे. आणि परावर्तक पट्ट्या, पुढची पांढरी, बाजूची पिवळी, मागची लाल. पायाशी काही घरंगळत नाही ना, एवढे पाहा. यासाठी एक बाटली पाणी पुरते.

त्या जीपमधील माणसे आपल्या घरी निघाली होती. त्यांना त्या ट्रकचा चालक कोण, मालक कोण, हे कधीच कळले नाही. पुढे त्या चालकाचे काय झाले, याचा मी शोध घ्यायला हवा होता. तो मी घेतला नाही, बातमी छापून मोकळा झालो. आज तुमच्यापुढे बोलताना त्याची टोचणी मनाला आहे. तो वाईट माणूस नव्हता. तीन दिवस गाडीतून न उतरलेला माणूस होता. असा चालक आणि असा चिखल आपल्यापैकी कोणाच्याही वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी मी आज येथे आलो.

माझे मामा आता नाहीत. त्यांच्या गाडीच्या चाकाला कधी अपघाताचे रक्त लागले नाही, हे ते फार अभिमानाने सांगत. त्याचे श्रेय ते देवाला देत. मला मात्र त्यांच्या हातातला तो गोणपाटाचा तुकडा आठवतो. दसऱ्याच्या झेंडूइतकेच पावित्र्य त्या तुकड्यालाही आहे, असे मी मानतो. गाडीची पूजा वर्षातून एकदा करू, आणि ती पाहू मात्र रोज.